सायकलीवरून मावळातली लेणी



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहून द्या" असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटले. आम्ही काही इतिहासकार नव्हे. आमच्यातले दोघे कारखान्यातून निवृत्त झालेले, एक रिक्षा चालवतो, एक शाळेत शिक्षक आणि बाकीची कॉलेजात जाणारी मुलं-मुली. पण गेल्या डिसेंबरात आम्ही अकरा जण सायकलीवरून तीन दिवस मावळात फिरून आलो आणि तिथे जे पाहिले, वाचले, त्यावरून वस्तीत पुढे बरेच काही घडले. तेव्हा ते सगळे एकदा कागदावर यावे म्हणून हा लेख.

सायकलच का, असे पुष्कळांनी विचारले. खरे सांगायचे तर कल्पना आमच्यातल्या म्हाताऱ्यांची. यापूर्वी विहारातर्फे दोनदा टेम्पो करून कार्ल्याला सहल गेली होती. दोन्ही वेळी झाले काय, तर गाडीत गाणी, वर जाऊन अर्धा तास लेणे, खाली येऊन पुरी-भाजी आणि अंधार पडायच्या आत घरी. लेणे कुणी कोरले, का कोरले, तिथेच का कोरले, हे विचारायला सवडच नाही. आमच्या काकांचे म्हणणे असे, की लेणी ही वाटेवर बसलेली आहेत, ती वाटेने जाऊनच कळायची. आणि सायकल ही तर आपल्या वस्तीची जुनी सोबतीण. देहूरोडच्या डेपोत, खडकीच्या फॅक्टरीत कामाला जाणारी आपली बापमाणसं डबा कॅरियरला लावून सायकलीनेच जात होती. घरात घड्याळ यायच्या आधी सायकल आली, असे कितीतरी घरांतून सांगतात.

मुलांकडे गिअरच्या सायकली होत्या. आमच्या दोघांकडे जुन्या काळ्या, दांड्याच्या. पुढे घाटात त्या काळ्या सायकलींनीच कमी त्रास दिला, हे इथे नमूद करून ठेवतो.

निघालो २५ डिसेंबरला. हा दिवस मुद्दाम धरला. १९५४ साली याच दिवशी परमपूज्य बाबासाहेबांनी देहूरोडला तथागतांच्या मूर्तीची स्थापना केली. त्याच महिन्यात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते आणि ही मूर्ती ब्रह्मदेशातूनच आणलेली. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे पुढची. दीक्षाभूमी सगळ्यांना माहीत असते, पण त्याआधी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या एका लष्करी डेपोच्या कामगार वस्तीत हे घडले होते, हे आपल्याच मुलांना सांगावे लागते. आपण सोप्या भाषेत बुद्धाच्या शिकवणीचा ग्रंथ लिहीत आहोत, असे बाबासाहेबांनी तिथल्या भाषणात सांगितले होते. तो ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या पश्चात छापून आला.

आमच्यातल्या एकाचे वडील त्या दिवशी तिथे होते. सायकलच्या पुढच्या दांड्यावर धाकटा भाऊ आणि मागे कॅरियरवर आई, असे तिघे गेले होते, असे ते सांगत. भाषणातले काय आठवते, असे विचारले तर हसायचे. "लई गर्दी. बाबासाहेब दिसले, एवढंच." आम्ही सकाळी वंदना घेतली. त्या दिवशीही तिथे मोठी गर्दी असते, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, भोजनदान. आम्हाला पुढे जायचे होते म्हणून नऊच्या सुमारास सायकली बाहेर काढल्या.

देहूरोड सोडल्यावर जुन्या मुंबई रस्त्याने तीन-चार किलोमीटर गेले की डाव्या हाताला एक डोंगर लागतो. घोरावडेश्वर म्हणून तो प्रसिद्ध. लोकलने जाताना सगळ्यांनी पाहिलेला असतो. वर महादेवाची पिंड आहे, श्रावणात आणि महाशिवरात्रीला जत्रा लोटते. पण ती पिंड ज्या खोलीत आहे ते मुळात बौद्ध लेणे आहे. शेलारवाडीची लेणी असे त्यांचे पुस्तकातले नाव. सायकली खाली टपरीवर ठेवल्या आणि चढलो.

इथे एक शिलालेख आहे. ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला. ही लिपी मधल्या काळात देशात कुणालाच वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी तिची अक्षरे लावली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांमधले लेख गोळा करून १८८१ साली पुस्तक काढले. त्यामुळे आज आपल्यासारख्यालाही त्यात काय लिहिले आहे ते कळते. आमच्या शिक्षक मित्राने हे सगळे लेख वहीत उतरवून आणले होते. त्याने वाचले : धेनुकाकट इथे राहणारा, नांगरावर पोट असणारा कुटुंबिक उसभणक, त्याची कुटुंबिनी सिअगुतनिका, तिने मुलगा नंद याच्यासह हे लेणे दान दिले.

कुटुंबिक म्हणजे जमीन कसणारा घरधनी. आपला कुणबी शब्द त्यातूनच आला असे अभ्यासक सांगतात. म्हणजे बघा, राजा नाही, राणी नाही. शेतकऱ्याच्या घरची बाई. दान तिच्या नावाचे, नवऱ्याचे नाव ओळखीपुरते आणि मुलगा सोबतीला. आमच्यातल्या एका मुलीने ते दोनदा वाचायला लावले. त्या वेळी ती काही बोलली नाही.

तळेगाव, वडगाव, कामशेत करत आम्ही दुपारपर्यंत मळवलीच्या फाट्याला लागलो. तळेगावला बाबासाहेबांचा बंगला होता, तिकडे वळायचे ठरले होते, पण एकाची ट्यूब वडगावच्या अलीकडे दोनदा बसली आणि वेळ गेला. पहिल्यांदा पंक्चर काढले ते नीट बसलेच नव्हते. सोल्यूशन सुकायच्या आधीच पोरांनी ट्यूब आत घातली. असो.

हा सगळा रस्ता इंद्रायणीच्या खोऱ्यातून जातो. नदी लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याहून येते, पुढे देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. वस्तीत आपण इंद्रायणी म्हटले की आळंदी एवढेच जाणतो. सायकलीवर मात्र खोरे कसे आहे ते मांड्यांना कळते. मधे सपाट भाताची शेते, दोन्ही हातांना डोंगराच्या रांगा आणि समोर घाट. उत्तरेच्या रांगेत कार्ले, दक्षिणेच्या रांगेत भाजे, त्याच रांगेच्या पलीकडच्या अंगाला, पवनेच्या बाजूला बेडसे. गाडीतून हे तीन वेगवेगळे 'पॉइंट' वाटतात. प्रत्यक्षात ते एकाच वाटेचे तीन थांबे आहेत.

वाट कसली? तर व्यापाराची. सोपारा, कल्याण, चौल ही त्या काळची बंदरे. तिथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवर बोरघाट चढून मावळात यायचा आणि पुढे जुन्नर, पैठण, तेरकडे जायचा. घाट चढून दमलेले तांडे या खोऱ्यात थांबत. भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एका जागी वर्षावास करायचा असतो. गावापासून फार लांब नको, कारण भिक्षेला जायचे. फार जवळही नको, कारण ध्यानाला शांतता हवी. डोंगराच्या मध्यावरचा पक्का काळा कातळ, खाली गाव, वाहती नदी, जाता-येता दान देणारे प्रवासी. एवढे सगळे एका ठिकाणी इथे जमले होते. आजही तसेच आहे की. जुना हायवे, रेल्वे आणि २००२ साली पूर्ण झालेला एक्स्प्रेसवे, तिन्ही याच खोऱ्यात शिरलेत. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, ते एका अर्थी बरेच.

भाज्याला चार वाजता पोचलो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले हे लेणे, म्हणजे आजपासून दोन हजार वर्षांहून जुने. महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या लेण्यांमध्ये याची गणना होते. एकूण बावीस लेणी. मोठ्या चैत्यगृहाचे खांब जरा आत कललेले दिसतात. धाकट्यांना वाटले खांब खचलेत. तसे नाही. लाकडी घर बांधताना छताचा भार पेलायला खांब तिरपे लावतात, कोरणाऱ्यांना लाकडाच्याच बांधणीची सवय होती, म्हणून दगडातही त्यांनी तसेच कोरले. छताला तर चक्क लाकडाच्या कमानी बसवल्या आहेत. दगडी छताला लाकडाचा आधार कशाला? कामाचा काही नाही. पण डोळ्याला घर वाटले पाहिजे.

इथे बुद्धाची मूर्ती नाही. हे पाहून दोघी-तिघी नाराज झाल्या. "वंदना कुणापुढं करायची?" स्तूपापुढे. त्या काळात तथागतांची मूर्ती करण्याची पद्धतच नव्हती. स्तूप, बोधिवृक्ष, धम्मचक्र, याच खुणा. मूर्ती पुढच्या काळात आल्या.

चैत्याच्या पलीकडे थोडे चालले की चौदा लहान-मोठे स्तूप एका जागी दाटीने उभे आहेत. पाच आत, नऊ बाहेर. हे इथे राहून गेलेल्या थेरांचे स्तूप. काहींवर नावे आहेत, अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. नुसती नावे, मागे थेर, बस्स. कोण होते, कुठून आले, काही नाही. संध्याकाळी तिथे कुणी नव्हते. आम्ही अर्धा तास बसलो आणि एरवी मोबाइल खाली न ठेवणारी आमची पोरं गप्प होती, एवढेच सांगतो.

आणि एका विहाराच्या खोलीच्या दाराशी तो लेख आहे, ज्याच्यासाठी खरे तर हा सगळा लेख लिहायला घेतला. हालिकाच्या बायकोचे दान. हालिक म्हणजे हल धरणारा, नांगरवाला. तिचे नाव कुणी बाधा वाचतात, कुणी बोधी. नांगरवाल्याच्या बायकोने डोंगरातली खोली करवून घेतली आणि दारावर आपले नाव घातले. सकाळी शेलारवाडीला एक, संध्याकाळी भाज्याला दुसरी.

तेव्हा ती सकाळची मुलगी बोलली. म्हणाली, "आपल्या विहाराच्या पाटीवर माझ्या आजीचं नाव का नाही?"

कुणाजवळ उत्तर नव्हते. ती कुठली पाटी म्हणते हे सगळ्यांना माहीत होते. विहाराच्या दारात आत शिरताना उजव्या हाताला संगमरवराची पाटी आहे. देणगीदारांची बावीस नावे. बावीसही पुरुषांची.

रात्र मळवलीत एका ओळखीच्या धम्मबांधवाकडे काढली. भाकरी, पिठलं आणि उशिरापर्यंत त्याच विषयावर वाद. आमच्यातला एक म्हणाला, त्या वेळी घरचा कर्ता पुरुष म्हणून त्याच्या नावाने पावती फाटायची, त्यात वाईट हेतू नव्हता. मुलगी म्हणाली, दोन हजार वर्षांपूर्वी नव्हते का कर्ते पुरुष? वाद तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रायणी ओलांडून कार्ल्याला गेलो. नाताळच्या सुटीमुळे पायथ्याशी गाड्यांची ही रांग. एकवीरा आईच्या दर्शनाला कोळी, आगरी समाजाची माणसं मुंबई-रायगडाहून येतात. देवीचे देऊळ अगदी चैत्यगृहाच्या तोंडाशी आहे. पूर्वी इथे दोन सिंहस्तंभ असावेत, त्यातला एक उभा आहे, दुसऱ्याच्या जागी देऊळ, असे अभ्यासक मानतात. आम्ही कुणाच्या श्रद्धेशी भांडायला गेलो नव्हतो. एका कोळी मावशीने तर पायऱ्यांवर आम्हाला पाणी दिले आणि "सायकलीने आलात? बाय माझे!" म्हणून डोक्याला हात लावला. मात्र देवळापर्यंत आलेल्या शंभरातले किती जण दहा पावले पुढे येऊन चैत्य पाहतात, हे मोजले तर वाईट वाटते.

कार्ल्याचे चैत्यगृह साधारण एकशे चोवीस फूट लांब, पंचेचाळीस फूट रुंद आणि तितकेच उंच. आत सदतीस खांब. दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांवर हत्तीवर बसलेल्या जोड्या, स्तूपामागचे सात साधे. स्तूपावरची लाकडी छत्री अजून टिकून आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे हे काम. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठने ते पूर्ण करवले आणि जंबुद्वीपात याच्या तोडीचे दगडी घर नाही असे लिहूनही ठेवले. जाहिरात म्हणा हवी तर, पण खोटी नाही. तोंडाशी ज्या बुद्धमूर्ती दिसतात त्या पुढे काही शतकांनी, आधीच्या भिंतीत जागा करून कोरलेल्या.

पण एका शेठच्या पैशावर हे झालेले नाही, हे खांबांवरचे लेख वाचले की कळते. एकेक खांब एकेकाचा. निदान पाच-सहा खांब यवनांचे, म्हणजे परदेशी वंशाच्या लोकांचे. तेही धेनुकाकटाचेच. हे गाव नेमके कुठे होते यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. दाराचे दान धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचे आणि ते घडवणारा तिथलाच सामी नावाचा सुतार. सुताराचे नाव दगडावर! सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचा. भाणक म्हणजे सुत्ते तोंडपाठ म्हणून दाखवणारा. त्याच्या खांबात पवित्र धातू ठेवले होते. भिक्खुणींचीही दाने आहेत. कुणी खांब, कुणी कठड्याची नक्षी. आमच्या रिक्षावाल्या मित्राने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हंजे वर्गणीच की ही." अगदी बरोबर. वर्गणीच.

याच लेण्याचे त्या काळचे नाव वलूरक. आणि तिथल्याच लेखात या मुलखाचे नाव येते मामाल. तेच आजचे मावळ. आपण रोज तोंडी घेतो तो शब्द दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेला आहे.

एक गोष्ट मात्र इथे झाकून ठेवत नाही. नहपान राजाचा जावई उषवदात याने वलूरकच्या संघाला करजिक नावाचे गाव दिले. पुढे सातवाहनांनी नहपानाचे राज्य घेतले तेव्हा गौतमीपुत्र सातकर्णीने ते दान चालू ठेवले. गाव दिले म्हणजे त्या गावचा सारा संघाला लावून दिला. राजाने द्यायचा आणि करजिकच्या शेतकऱ्याने भरायचा. त्याला कुणी विचारले असेल का? तो हालिकच की. नांगरवाल्याच्या बायकोने आपण होऊन दिलेली खोली आणि राजाने दुसऱ्याच्या घामातून दिलेले गाव, दोन्हींना आपण एकच 'दान' शब्द वापरतो. आम्हाला पहिले दान मोठे वाटते. मतभेद असतील तर असोत.

दुपारी परत कामशेतला येऊन दक्षिणेकडे वळलो. इंद्रायणी आणि पवना यांच्यामधली रांग इथे ओलांडावी लागते. चढ लांब नाही पण दुपारच्या उन्हात जीव काढणारा. गिअरच्या एका सायकलची चेन दोनदा निखळली, तिसऱ्या वेळी तुटली. शेवटी दोरी बांधून तिला दुसऱ्या सायकलच्या कॅरियरला जोडले आणि उरलेला चढ सगळ्यांनी चालत काढला. वर आल्यावर समोर एकदम पवनेचे खोरे उघडते. त्या उतारावर पायडल मारावेच लागले नाही.

बेडशाला कार्ल्यासारखी गर्दी नाही. पायऱ्या चढून गेले की दोन कातळांच्या मधून अरुंद वाट आत जाते आणि मग एकदम पंचविसेक फूट उंचीचे चार खांब समोर उभे राहतात. वर घोडे, बैल, हत्ती आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. यातले दान नाशिकच्या आनंद शेठचा मुलगा पुसणक याचे. आत पूर्वी रंगवलेली चित्रे होती. १८६१ च्या सुमारास कुणी साहेब येणार म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी लेणे 'स्वच्छ' करायचा हुकूम दिला आणि उरलेली चित्रे त्यात गेली. साहेब येणार म्हणून रंगरंगोटी करायची ही खोड किती जुनी आहे पाहा. शेजारचा विहारही वेगळा आहे. एरवी विहार चौकोनी असतात, याचे छत चैत्यासारखे कमानीचे आणि मागची बाजू गोल. बाहेर एका लहान स्तूपावर गोभूती नावाच्या थेरांचे नाव आहे. अरण्यात राहणारे, भिक्षेवर जगणारे, मारकूडचे. हे मारकूड म्हणजेच बेडसे. तो स्तूप त्यांच्या शिष्याने उभारला.

आम्हाला मात्र त्या खांबांपेक्षा पाण्याच्या टाक्यापाशी जास्त वेळ लागला. टाके म्हणजे कातळात खोदलेला हौद. पावसाचे पाणी वर्षभर पुरवणारा. तो सामडिनिका नावाच्या बाईने करवून दिला. ही मोठ्या घरची. महाभोजाची मुलगी, महारठिणी, आपदेवणकाची पत्नी. तिने मूर्ती नाही, खांब नाही, पाणी दिले.

तिथे बसून आम्ही मुलांना १९३४ सालची गोष्ट सांगितली. बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाच्या धुळीने अंग भरलेले, म्हणून किल्ल्याच्या दाराजवळच्या तळ्यावर काही जणांनी हातपाय धुतले. एवढ्यावरून तळे बाटवले म्हणून ओरडा झाला, लोक जमले, शिव्या सुरू झाल्या. शेवटी किल्ला पाहू दिला, पण कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारी शिपाई दिला. हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच्या सात वर्षे आधी, २० मार्च १९२७ ला, महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन झाले होते. तरी ही गत. म्हणजे बुद्धाची लेणी पाहायला निघालेल्या माणसाला वाटेत पाणी मिळेना, आणि त्याच बुद्धाच्या नावाने एका बाईने भर डोंगरात टाके खोदून ठेवलेले. सामडिनिकेच्या टाक्यावर, कुणी प्यावे आणि कुणी पिऊ नये, असे काही कोरलेले नाही. मुलांनी टाक्यात डोकावून पाहिले. पाणी होते, हिरवे. पिण्यासारखे नव्हते.

तिसऱ्या दिवशी चेन जोडून घेऊन पवनेच्या काठाने परत निघालो. हा रस्ता सुखाचा. चढउतार बेताचे, दोन्हीकडे उसाची, भाताची शेते, बायका कापणी झालेल्या रानात शेणी थापत होत्या. चांदखेडच्या बाजूने सोमाटण्याला आलो आणि पुन्हा हायवेच्या ट्रकांत घुसलो. ही पवना पुढे चिंचवडवरून येऊन दापोडीला मुळेला मिळते. तिच्या तिथल्या पाण्याबद्दल काही लिहीत नाही, सगळे रोज नाक दाबून पुलावरून जातातच.

आल्यानंतरच्या रविवारी वंदना झाल्यावर त्या मुलीने विहारात उभे राहून भाज्याची हकीगत सांगितली आणि पाटीचा प्रश्न विचारला. थोडी कुजबुज झाली. मग मागे बसलेल्या एका आजींनी सुरुवात केली. त्या म्हणाल्या, स्लॅब पडला त्या दिवशी आम्ही सोळा बायकांनी पाणी वाहिलं, सार्वजनिक नळाला दुपारी पाणी नव्हतं तर पार नाल्यापलीकडच्या विहिरीवरून. दुसऱ्या म्हणाल्या, दर शनिवारी एक रुपया आणि मूठभर तांदूळ, दोन वर्षं. तांदूळ विकून सिमेंट आणलं. तिसरीने आपले जोडवे दिले होते, ते तिच्या नवऱ्यालाही त्या दिवशी पहिल्यांदा कळले. जुन्या समितीतले एक काका सगळे ऐकत होते. ते उठले आणि म्हणाले, पावत्या मीच फाडल्या, मला ह्या सगळ्या माहीत आहेत, वही आणा.

तीन महिने ही नावे गोळा करण्यात गेले. काही जणी आता नाहीत, त्यांच्या मुली-सुना सासरी, गावाला. कुणी फोनवरून सांगितले, कुणी चिठ्ठी पाठवली. एकूण एक्केचाळीस नावे मिळाली. समितीने नवी पाटी करायची ठरवली आहे, दगडवाल्याकडे मजकूर दिला आहे. तोवर ती नावे या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर छापली आहेत. घरी मोठ्याने वाचा, चुकले असेल तर समितीला कळवा.

त्यातल्या एकीचे नाव कुणालाच आठवत नाही. रेल्वे लाइनच्या कडेला झोपडीत एकटी राहायची, भंगार वेचायची, विहाराच्या पायाला तिने अकरा रुपये दिले, एवढे त्या काकांना पक्के स्मरते. पुढे ती कुठे गेली ते माहीत नाही. यादीत चाळिसाव्या ओळीत "लाइनीवरची मावशी" असे आहे, ती हीच.